जिल्हा पंचायतीचे निकाल कसे वाचावेत? कर्नाटकातील २०१६ चा कौल आणि त्यानंतरची रिकामी सभागृहे

बंगळुरू : कर्नाटकातील ग्रामीण मतदारांनी जिल्हा पंचायतींसाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये कौल दिला. त्या वेळी निवडून आलेल्या सदस्यांची पाच वर्षांची मुदत २०२१ मध्ये संपली. त्यानंतर २०२५ हे वर्ष सरेपर्यंत राज्यात जिल्हा व तालुका पंचायतींची नवी निवडणूक झाली नाही. त्यामुळे ग्रामीण कर्नाटकाचे जिल्हा पातळीवरील राजकीय चित्र पाहावयाचे झाल्यास २०१६ च्या आकडेवारीकडेच वळावे लागते.

हे आकडे वरकरणी सोपे वाटतात. कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या, एवढे पाहिले की निकाल समजला, असा सर्वसाधारण समज असतो. तथापि जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत सर्वाधिक जागा मिळवणारा पक्ष सत्तेवर येतोच असे नाही, आणि राज्यभरातील एकूण बेरजेवरून पुढील विधानसभेचा अंदाजही बांधता येत नाही. हे निकाल कसे वाचावेत, त्यातून जिल्ह्याचा कारभार कसा आकार घेतो आणि मुदतीत निवडणूक न झाल्यास नागरिकांचे नेमके काय हरपते, याचा हा आढावा.

जिल्हा पंचायत आणि जिल्हा परिषद

महाराष्ट्रात जिला जिल्हा परिषद म्हणतात, तीच संस्था कर्नाटकात जिल्हा पंचायत या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील पंचायत समितीच्या जागी तेथे तालुका पंचायत आहे आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे सारखीच आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक दोन्ही राज्यांत पक्षचिन्हांविना होते. जिल्हा व तालुका पातळीवरील निवडणुका मात्र पक्षांच्या चिन्हांवर लढवल्या जातात. म्हणूनच ग्रामीण भागातील पक्षीय बलाबल मोजण्याचे खरे माप जिल्हा पंचायतीच्या निकालात सापडते.

दोन्ही राज्यांच्या रचनेत काही महत्त्वाचे फरक आहेत. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या सदस्यसंख्येला किमान ५० आणि कमाल ७५ अशी मर्यादा आहे. कर्नाटकात सदस्यसंख्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. २०१६ च्या निवडणुकीत सर्वसाधारणपणे ४० हजार ग्रामीण लोकसंख्येमागे एक सदस्य असे प्रमाण होते. कोडगूसारख्या डोंगराळ जिल्ह्यासाठी ते शिथिल करण्यात आले होते. त्यामुळे बेळगाव जिल्हा पंचायतीत तब्बल ९० जागा होत्या, तर उडुपीमध्ये केवळ २६. महाराष्ट्रात अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची असते. कर्नाटकात ती पूर्वी वीस महिन्यांची होती, पुढे कायद्यात दुरुस्ती करून ती पूर्ण पाच वर्षांची करण्यात आली आणि २०१६ चे सभागृह या नव्या तरतुदीनुसार अस्तित्वात आले.

खासदार, आमदार आणि तालुका पंचायतींचे अध्यक्ष हेही कर्नाटकात जिल्हा पंचायतीचे सदस्य असतात. परंतु अध्यक्ष व उपाध्यक्षांची निवड केवळ थेट निवडून आलेले सदस्यच आपल्यातून करतात. ही बाब निकालाचा अर्थ लावताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२०१६ मध्ये काय घडले?

राज्यातील ३० जिल्हा पंचायती आणि १७५ तालुका पंचायतींसाठी १३ आणि २० फेब्रुवारी २०१६ असे दोन टप्प्यांत मतदान झाले. मतमोजणी २३ फेब्रुवारी रोजी झाली. प्रत्येक मतदाराला दोन मते द्यावयाची होती : एक जिल्हा पंचायतीच्या उमेदवाराला आणि दुसरे तालुका पंचायतीच्या उमेदवाराला. त्या वेळी राज्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे सरकार होते.

जिल्हा पंचायतींच्या एकूण १,०८३ जागांपैकी काँग्रेसने ४९८ जागा जिंकल्या. भारतीय जनता पक्षाला ४०८ जागा मिळाल्या. जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्ष सुमारे दीडशे जागांसह तिसऱ्या स्थानी राहिला. उर्वरित जागा अपक्ष आणि लहान पक्षांकडे गेल्या. याचा अर्थ काँग्रेसच्या वाट्याला ४६ टक्के, तर भाजपच्या वाट्याला जवळपास ३८ टक्के जागा आल्या.

जिल्हावार चित्र याहून वेगळे होते. ३० पैकी १० जिल्हा पंचायतींत काँग्रेसला, ७ मध्ये भाजपला आणि २ मध्ये जनता दलाला स्पष्ट बहुमत मिळाले. उरलेल्या ११ जिल्हा पंचायती त्रिशंकू राहिल्या. थोडक्यात, दर तीन जिल्ह्यांपैकी एकापेक्षा अधिक जिल्ह्यांत मतदारांनी कोणत्याही एका पक्षाच्या हाती सत्ता सोपवली नव्हती.

प्रादेशिक बालेकिल्ल्यांचे प्रतिबिंबही या निकालात स्पष्ट उमटले. किनारपट्टीवरील उडुपीत भाजपने २६ पैकी २० आणि दक्षिण कन्नडमध्ये ३६ पैकी २१ जागा पटकावल्या. जुन्या म्हैसूर प्रांतात जनता दलाने माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांच्या हासन जिल्ह्यात ४० पैकी २३ आणि शेजारच्या मंड्यामध्ये ४१ पैकी २७ जागा जिंकल्या. याच दोन जिल्ह्यांत भाजपला प्रत्येकी एका जागेवर समाधान मानावे लागले. एकाच राज्यात, एकाच दिवशी मोजल्या गेलेल्या मतांनी उत्तर, दक्षिण आणि किनारपट्टी असे तीन निरनिराळे कौल दिले होते. राज्यपातळीवरील बेरजेत हे अंतर झाकले जाते.

मोठा पक्ष, पण सत्ता नाही

त्रिशंकू सभागृहात काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण म्हैसूरचे आहे. हा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांचा स्वतःचा जिल्हा. तेथील ४९ जागांपैकी काँग्रेसने २२ जागा मिळवल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. जनता दलाला १८, भाजपला ८ आणि एका अपक्षाला एक जागा मिळाली. बहुमतासाठी २५ सदस्यांची आवश्यकता होती. काँग्रेसला तीन सदस्य कमी पडत होते, तर जनता दल आणि भाजप यांची बेरीज २६ होत होती. या दोन पक्षांनी हातमिळवणी केली आणि अध्यक्षपद जनता दलाकडे गेले. मतमोजणीच्या दिवशी पहिल्या स्थानावर असलेला पक्ष विरोधी बाकांवर बसला.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला बेळगावमध्येही बहुमताचा प्रश्न उभा राहिला होता. ९० सदस्यांच्या या सभागृहात ४६ हा बहुमताचा आकडा होता. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, मात्र हा आकडा त्याला स्वबळावर गाठता आला नाही. भाजप त्याच्या पाठोपाठ होता. अशा स्थितीत अपक्ष आणि महाराष्ट्र एकीकरण समितीसारख्या स्थानिक गटांच्या मोजक्या सदस्यांना त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व येते. सीमाभागातील मराठी भाषकांच्या दृष्टीने जिल्हा पंचायतीचे खरे महत्त्व येथेच आहे. विधानसभेच्या मोठ्या मतदारसंघात विखुरली जाणारी त्यांची मते जिल्हा पंचायतीच्या लहान गटात एकवटतात आणि सभागृहात त्यांचा आवाज पोहोचू शकतो.

निकालानंतरच्या घडामोडींवर आणखी दोन बाबींचा प्रभाव पडतो. पहिली बाब आरक्षणाची. अध्यक्ष व उपाध्यक्षपदे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी फिरत्या पद्धतीने राखीव असतात. एखाद्या पक्षाकडे बहुमत असूनही राखीव प्रवर्गातील सदस्य त्याच्याकडे नसेल, तर अध्यक्षपद हातचे जाऊ शकते. म्हणूनच आरक्षणाची सोडत वा अधिसूचना ही निवडणुकीइतकीच उत्कंठेने पाहिली जाते. २०१० मधील दुरुस्तीनंतर कर्नाटकात पंचायतींतील निम्मी पदे महिलांसाठी राखीव आहेत.

दुसरी बाब पक्षांतराची. कर्नाटकात स्थानिक संस्थांतील पक्षांतरास प्रतिबंध करणारा कायदा १९८७ पासून अस्तित्वात आहे. पक्षादेश झुगारून मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व या कायद्यान्वये रद्द होऊ शकते. त्यामुळे काठावरच्या बहुमतात पक्षादेश कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने बजावला, हा प्रश्न अनेकदा न्यायालयापर्यंत जातो.

२०१६ मध्ये निकाल फेब्रुवारीत लागले, तरी अध्यक्षांच्या निवडी प्रत्यक्षात एप्रिल व मे महिन्यांत झाल्या. मधल्या दोन महिन्यांत झालेल्या वाटाघाटींनी ११ त्रिशंकू जिल्ह्यांचे भवितव्य ठरवले. जिल्हा पंचायतीचा निकाल मतमोजणीच्या दिवशी अर्धाच लागतो, असे म्हणतात ते यामुळेच.

बंगळुरूचे वेगळेपण

राजधानी बंगळुरूचे चित्र समजून घेण्यासाठी तेथील प्रशासकीय रचना पाहावी लागते. १९८६ मध्ये जुन्या बंगळूर जिल्ह्याचे बंगळूर शहर आणि बंगळूर ग्रामीण असे दोन जिल्हे करण्यात आले. पुढे २००७ मध्ये ग्रामीण जिल्ह्यातून रामनगर हा नवा जिल्हा निघाला. बंगळुरू शहर जिल्ह्यातही जिल्हा पंचायत आहे. महानगराच्या हद्दीबाहेरील गावे तिच्या अखत्यारीत येतात.

ही हद्द स्थिर नाही. २००७ मध्ये आठ नगरपालिका आणि ११० गावे सामावून घेऊन बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. जी गावे महापालिकेत गेली, ती जिल्हा पंचायतीच्या नकाशावरून पुसली गेली. ज्या गावांच्या शिवारात गृहसंकुले उभी राहिली पण जी अद्याप पंचायतीतच आहेत, त्यांचा पाणीपुरवठा, रस्ते आणि कचरा यांचा भार मात्र ग्रामीण संस्थेवरच राहिला. त्यामुळे येथील जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत शेतीपेक्षा जमीन, पाणी आणि रस्ते हे विषय अधिक गाजतात.

महानगरपालिकेच्या निवडणुकीशी तुलना केल्यास जिल्हा पंचायतीच्या नियमांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ऑगस्ट २०१५ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकीत १९८ पैकी १०० जागा जिंकून भाजपने नगरसेवकांमध्ये स्पष्ट बहुमत मिळवले होते. काँग्रेसला ७६, जनता दलाला १४ आणि अपक्ष व इतरांना ८ जागा मिळाल्या. परंतु महापौरपदाच्या निवडणुकीत शहरातील खासदार आणि आमदारांनाही मताधिकार होता. या मतांच्या आणि जनता दल व अपक्षांच्या साह्याने काँग्रेसने सप्टेंबर २०१५ मध्ये महापौरपद मिळवले. जिल्हा पंचायतीत अध्यक्षाच्या निवडीत आमदार-खासदारांना मत नसल्याने असा उलटफेर त्या मार्गाने होऊ शकत नाही.

विधानसभेचा अंदाज बांधता येतो का?

जिल्हा पंचायतीच्या प्रत्येक निकालानंतर त्याचा संबंध पुढील विधानसभा निवडणुकीशी जोडला जातो. कर्नाटकाचा अनुभव मात्र या प्रथेला दुजोरा देत नाही.

जानेवारी १९८७ मध्ये रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाच्या सरकारने नव्या कायद्यानुसार जिल्हा परिषदांच्या निवडणुका घेतल्या. सत्ताधारी पक्षाची कामगिरी चांगली झाली. १९८९ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र काँग्रेसने मोठ्या बहुमताने सत्ता काबीज केली. डिसेंबर २०१० मधील जिल्हा पंचायत निवडणुकीत तत्कालीन सत्ताधारी भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि १२ जिल्हा पंचायतींत त्याला बहुमत मिळाले. २०१३ च्या विधानसभेत तोच पक्ष ४० जागांवर आला आणि काँग्रेसने २२४ पैकी १२२ जागा मिळवल्या. २०१६ मध्ये सत्ताधारी काँग्रेसने जिल्ह्यांत आघाडी घेतली. २०१८ च्या विधानसभेत मात्र भाजप १०४ जागांसह सर्वांत मोठा पक्ष झाला.

यातून निघणारे अनुमान असे, की ग्रामीण स्थानिक निवडणुकीत राज्यातील सत्ताधारी पक्षाला काहीसा लाभ मिळतो. निधी, योजना आणि कामे राज्य सरकारकडून येत असल्याने मतदार त्या पक्षाच्या उमेदवाराला झुकते माप देतो. विधानसभेच्या वेळी तोच मतदार सरकारच्या एकंदर कारभाराचा हिशेब मागतो. १९८५ नंतर कर्नाटकात कोणत्याही सत्ताधारी पक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा सत्ता राखता आलेली नाही, ही वस्तुस्थिती लक्षात घेता जिल्ह्याचा कौल आणि राज्याचा कौल या दोन स्वतंत्र बाबी मानणेच इष्ट ठरते.

या संस्थेच्या हाती काय असते?

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची यादी आहे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, पिण्याचे पाणी, ग्रामीण रस्ते, लघुपाटबंधारे, कृषी विस्तार, समाजकल्याण असे दैनंदिन जीवनाशी निगडित विषय त्यात येतात. कर्नाटकात जिल्हा पंचायतीच्या पाच स्थायी समित्या असतात. सर्वसाधारण कारभार, वित्त-लेखापरीक्षण-नियोजन, सामाजिक न्याय, शिक्षण-आरोग्य आणि कृषी-उद्योग अशी त्यांची विभागणी आहे. प्रशासनाची धुरा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असते, पण तो सभागृहाला उत्तरदायी असतो.

एखाद्या गावातील शाळेला शिक्षक नाही, आरोग्य केंद्रात औषध नाही किंवा उन्हाळ्यात टँकर येत नाही, अशा तक्रारी सदस्य सभागृहात मांडतो आणि अधिकाऱ्याला त्याचे उत्तर इतिवृत्तात द्यावे लागते. आमदाराचा मतदारसंघ यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तर ग्रामपंचायत सदस्याला जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याचे व्यासपीठ नसते. या दोहोंमधील दुवा म्हणजे जिल्हा पंचायतीचा सदस्य होय.

जिल्हा नियोजन समितीचाही येथे संबंध येतो. राज्यघटनेनुसार या समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातील पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असतात. सभागृहच अस्तित्वात नसेल, तर जिल्ह्याच्या विकास आराखड्यात ग्रामीण लोकप्रतिनिधींचा वाटा उरत नाही.

निवडणूक का रखडली?

२०१६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची मुदत एप्रिल-मे २०२१ च्या सुमारास संपली. तो काळ कोविडच्या दुसऱ्या लाटेचा होता. त्यामुळे निवडणूक काही काळ लांबणीवर टाकणे क्रमप्राप्त ठरले. तत्पूर्वी डिसेंबर २०२० मध्ये, साथ पूर्णपणे ओसरली नसतानाही, राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका दोन टप्प्यांत पार पडल्या होत्या, हेही येथे नमूद करावयास हवे.

साथ ओसरल्यानंतर मात्र कारणे बदलली. राज्य निवडणूक आयोगाने मतदारसंघांच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले होते. २०२१ मध्येच राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून पुनर्रचना आणि आरक्षण निश्चितीचे अधिकार आयोगाकडून काढून घेतले आणि त्यासाठी स्वतंत्र सीमानिर्धारण आयोग नेमला. परिणामी सगळी प्रक्रिया नव्याने सुरू झाली.

याच काळात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती प्रकरणात स्थानिक संस्थांतील मागासवर्गीय आरक्षणासंबंधी निकाल दिला होता. त्याच्या आधारे मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राशी संबंधित विकास किशनराव गवळी प्रकरणात न्यायालयाने तीन कसोट्या स्पष्ट केल्या : समर्पित आयोगामार्फत मागासलेपणाची पाहणी, त्या आधारे स्थानिक संस्थानिहाय प्रमाण निश्चिती आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत राखणे. महाराष्ट्रातील एका प्रकरणाचा हा निर्णय सर्व राज्यांना लागू झाला. कर्नाटक सरकारने मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. भक्तवत्सल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल सादर करून एकूण ५० टक्क्यांची मर्यादा पाळून मागासवर्गीयांना एक-तृतीयांश आरक्षण देण्याची शिफारस केली.

अहवाल आला तरी निवडणूक आली नाही. पुनर्रचना आणि आरक्षणाला वारंवार मुदतवाढ मागणाऱ्या राज्य सरकारला कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये पाच लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्या वेळी राज्यात भाजपचे सरकार होते. मे २०२३ मध्ये काँग्रेस १३५ जागा जिंकून सत्तेवर आली. सरकार बदलले, तरी जिल्हा पंचायतींवरील प्रशासकांची राजवट संपली नाही. हा प्रश्न एखाद्या पक्षापुरता मर्यादित नसल्याचे यावरून दिसते. जिल्हा पातळीवर स्वतंत्र सत्ताकेंद्र नसणे हे राज्यातील मंत्री आणि आमदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, फारसे गैरसोयीचे वाटत नाही.

घटनेने घातलेली मर्यादा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ ई नुसार पंचायतीची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण होणे बंधनकारक आहे. सभागृह मध्येच विसर्जित झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात अहमदाबाद महापालिकेच्या निवडणुकीसंदर्भात निर्णय देताना मुदतीत निवडणूक घेणे हे निवडणूक आयोगाचे घटनात्मक कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले आहे.

ही तरतूद घटनेत कशासाठी आली, याचे एक कारण कर्नाटकाच्याच इतिहासात सापडते. १९८३ च्या कायद्याने कर्नाटकाने देशापुढे आदर्श ठेवला होता. तत्कालीन ग्रामविकास मंत्री अब्दुल नझीर साब यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा देण्यात आला, महिलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या आणि जिल्हा प्रशासनाची सूत्रे लोकप्रतिनिधींच्या हाती आली. परंतु या सभागृहांची मुदत १९९२ मध्ये संपल्यावर सरकारने निवडणूक घेतली नाही. प्रशासक नेमण्यात आले. पुढील जिल्हा पंचायती १९९५ मध्ये अस्तित्वात आल्या. राज्य सरकारच्या मर्जीवर निवडणूक अवलंबून राहू नये, यासाठी ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पाच वर्षांची मुदत आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग यांना घटनात्मक अधिष्ठान दिले. १९९२ मध्ये जो खंड पडला, त्यापेक्षाही मोठा खंड ही तरतूद असताना २०२१ नंतर पडला आहे.

महाराष्ट्रातील परिस्थितीही फारशी निराळी नव्हती. तेथील बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. प्रभागरचना आणि मागासवर्गीय आरक्षणाचा वाद तेथेही कारणीभूत ठरला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिले, पुढे मुदत वाढवून दिली आणि २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या मतदानाने स्थानिक निवडणुकांची ही रखडलेली मालिका सुरू झाली. बंगळुरू महानगरात २०१५ च्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर महापालिकेचे विभाजन करून सप्टेंबर २०२५ मध्ये पाच नव्या महापालिका स्थापन झाल्या, पण ते वर्ष संपेपर्यंत त्यांनाही निवडून आलेली सभागृहे लाभली नव्हती. म्हणजे राजधानीच्या शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही भागांत एकाच वेळी स्थानिक लोकप्रतिनिधी नाहीत, अशी स्थिती काही वर्षे राहिली.

रिकाम्या सभागृहाची किंमत

सभागृह नसल्याने कामकाज थांबत नाही. वेतन निघते, योजना चालतात, निविदा उघडतात. बदलते ते उत्तरदायित्व. प्रशासक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे दोघेही राज्य सरकारने नेमलेले असतात. त्यांना जाब विचारणारी सर्वसाधारण सभा नसते, स्थायी समित्या नसतात. जिल्ह्याचा आढावा पालकमंत्र्यांच्या बैठकीपुरता उरतो.

आर्थिक परिणामही होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार ग्रामीण स्थानिक संस्थांना मिळणारे केंद्रीय अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी आहे. निवडणूक लांबल्यास हा निधी अडकण्याची वा हुकण्याची शक्यता असते.

राजकीय परिणामाचे उदाहरण डिसेंबर २०२१ मध्ये दिसून आले. कर्नाटक विधान परिषदेच्या ७५ पैकी २५ जागा स्थानिक संस्थांच्या सदस्यांकडून निवडल्या जातात. त्या निवडणुकीत काँग्रेस आणि भाजप यांना प्रत्येकी ११, जनता दलाला २ आणि अपक्षाला एक जागा मिळाली. त्या वेळी जिल्हा व तालुका पंचायतींची सभागृहे अस्तित्वात नसल्याने त्यांच्या सदस्यांविनाच हे मतदान पार पडले. ग्रामीण जिल्ह्यांच्या वतीने वरिष्ठ सभागृहात प्रतिनिधी गेले, पण त्यांना निवडणाऱ्यांत जिल्ह्याचे स्वतःचे सदस्य नव्हते.

पुढील निकाल वाचताना

कर्नाटकात जेव्हा या निवडणुका होतील, तेव्हा निकालाची २०१६ शी तुलना अपरिहार्यपणे केली जाईल. ती करताना तीन बाबी ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. पहिली, २०२१ मध्ये बळ्ळारीतून विजयनगर जिल्हा वेगळा झाल्याने जिल्हा पंचायतींची संख्या ३१ झाली आहे आणि मतदारसंघांच्या सीमाही बदलल्या आहेत. त्यामुळे जागांची थेट वजाबाकी करून कोण वाढले आणि कोण घटले हे ठरवता येणार नाही. दुसरी, एकूण जागांपेक्षा किती जिल्ह्यांत स्पष्ट बहुमत आणि किती सभागृहे त्रिशंकू, हे आधी पाहावे. तिसरी, अध्यक्षपदाचे आरक्षण जाहीर होऊन प्रत्यक्ष निवड होईपर्यंत सत्तेचा निर्णय झाला असे मानू नये.

दरम्यान, २०१६ नंतर वयाची अठरा वर्षे पूर्ण करून मतदारयादीत आलेल्या ग्रामीण कर्नाटकातील तरुणांनी दोन विधानसभा, दोन लोकसभा आणि ग्रामपंचायत अशा निवडणुकांत मतदान केले आहे. बेळगाव, बिदर किंवा कारवारच्या खेड्यातील मराठी भाषक तरुण असो वा बंगळुरूच्या वेशीवरील गावातील कन्नड भाषक तरुणी, आपल्या जिल्ह्याच्या शाळा, दवाखाने आणि पाणी यांचा कारभार कोणाच्या हाती द्यावा, यासाठी मत देण्याची संधी त्यांना २०२५ अखेरपर्यंत एकदाही मिळालेली नव्हती.